सोल्युशन जास्त लावून गळती थांबत नाही

प्रश्न असा आहे: "नाशिकमध्ये पाथर्डी फाट्याजवळ आमचं रो-हाउस आहे. गच्चीवरच्या हजार लिटरच्या टाकीपासून खालपर्यंत एक इंची पीव्हीसीची लाइन मी आणि माझ्या मेव्हण्यांनी मिळून दोन रविवारांत टाकली. तीन सांधे ठिबकतात. एक टाकीच्या बुडाशी, दुसरा गच्चीवरचा एल्बो (तिथे वीसएक फूट पाइप सरळ उन्हात आहे) आणि तिसरा अंगणात जमिनीखालचा टी. अंगणातला पाइप मेव्हण्यांनी दिंडोरीच्या द्राक्षबागेतला उरलेला आणला होता. तिन्ही सांध्यांवर वरून दोनदा सोल्युशन थापलं, एमसील लावलं. दोन दिवस बरं असतं, मग पुन्हा सुरू. प्लंबर म्हणतो सगळी लाइन काढा. खरंच सगळी काढावी लागेल का? आणि पुन्हा गळू नये म्हणून काय करायचं?"

सगळी काढायची गरज नाही. तीन सांधे गळतात तर तीनच कापा. तुमच्या प्लंबरला मी नावं ठेवणार नाही. दुसऱ्याने जोडलेल्या लाइनची हमी कुणी घेत नाही, मीसुद्धा घेताना दहादा विचार करतो. सातपूरच्या आयटीआयमधून बाहेर पडल्यापासून २७ वर्षं हेच काम करतोय. तुमचं वर्णन वाचून मला तीन गळत्या नाही, तीन वेगवेगळे आजार दिसतात. तिघांना तुम्ही एकच औषध दिलंत, आणि तेही वरून लेप लावून.

आधी त्या सोल्युशनबद्दलचा गैरसमज काढू. आपण त्याला 'चिकटवतो' म्हणतो, पण तो फेव्हिकॉलसारखा डिंक नाही. त्यातलं द्रावण पाइपाचा बाहेरचा आणि फिटिंगचा आतला पृष्ठभाग विरघळवून मऊ करतं. दोन्ही मऊ पृष्ठभाग एकमेकांवर दाबले गेले की ते एकजीव होतात, द्रावण हळूहळू उडून जातं आणि मागे सलग पीव्हीसी राहतं. नीट झालेला सांधा नंतर करवतीने कापून बघा, पाइप कुठे संपला आणि फिटिंग कुठे सुरू झालं याची रेषसुद्धा धड सापडत नाही. आता विचार करा, झालेल्या सांध्याच्या कडेवर वरून सोल्युशन थापलं तर काय होणार? आत जिथे दोन पृष्ठभाग भेटलेच नाहीत तिथे ते पोचतच नाही. कडेवर एक पातळ साय धरते. पाणी आतून ढकलतं, दोन दिवसांत ती साय सुटते. एमसीलचंही तसंच. ओल्या, दाबाखालच्या सांध्यावर ते रात्र काढायला ठीक आहे, पाहुणे घरात असताना मीही लावलंय. पण ती दुरुस्ती नव्हे.

दाबाची भीतीही मनातून काढा. दर १० मीटर उंचीला साधारण १ किलो दाब, म्हणजे चौरस सेंटीमीटरवर १ किलो. तुमच्या गच्चीवरच्या टाकीपासून अंगणापर्यंत सात-आठ मीटर धरले तर ०.७ ते ०.८ किलो झाला. मेव्हण्यांच्या मळ्यातला साधा पाइपसुद्धा बहुधा ६ किलोचा असेल, तसा छापच त्यावर असतो. त्यामुळे घरच्या लाइनचा पाइप टाकीच्या पाण्याच्या दाबाने फुटलेला मी क्वचितच पाहिलाय. सांधे सुटतात ते घाईने, चुकीच्या मापाने आणि ओढाताणीने.

आता अंगणातला टी. तुमच्या प्रश्नातलं 'द्राक्षबागेतला उरलेला पाइप' हे वाचलं आणि मी मनात म्हटलं, सापडलं. नाशिकमध्ये ही चूक जितकी दिसते तितकी दुसरीकडे दिसत नसेल, कारण इथे घरटी कुणीतरी पाहुणा दिंडोरी, निफाड किंवा पिंपळगावचा असतो आणि त्याच्या शेडमध्ये पाइपाचे तुकडे पडलेले असतात. फुकटचा पाइप कोण सोडेल? पण शेतीचा पाइप आणि घरच्या प्लंबिंगचा पाइप ही दोन वेगळी कुळं आहेत. शेतीचा पाइप मिलिमीटरच्या मापात येतो, २०, २५, ३२, ५०, ६३ असा, आणि हे माप त्याच्या बाहेरच्या व्यासाचं असतं. त्यावर आयएस ४९८५ असा भारतीय मानकाचा छाप असतो. घरचा पांढरा प्लंबिंगचा पाइप इंची मापाचा, त्यावर बहुतेक वेळा एएसटीएम डी १७८५ हे अमेरिकी मानक लिहिलेलं असतं. त्यातल्या 'एक इंची' पाइपाचा बाहेरचा व्यास ३३.४ मिलिमीटर आहे. दुकानदार आणि शेतकरी दोघेही ३२ च्या पाइपाला 'एक इंचीच' म्हणतात. म्हणजे तुम्ही ३२ चा पाइप ३३.४ साठी बनवलेल्या टीमध्ये घातलाय. व्यासात १.४ मिलिमीटरचा फरक. पाइप आत आरामात गेला असेल, आणि तुम्हाला वाटलं असेल, वा, किती छान बसला!

सहज बसणारा पाइप हीच धोक्याची खूण. ती फट तुम्ही सोल्युशनने भरलीत. सोल्युशनमधलं द्रावण उडून गेलं की त्याचं आकारमान कमी होतं, आत बारीक पोकळ्या राहतात आणि पाणी त्यातून वाट काढतं. दोन इंचीत उलटा प्रकार होतो. शेतीचा ६३ आणि घरचा दोन इंची म्हणजे ६०.३. इथे पाइप आत जातच नाही, मग लोक कागद पेटवून फिटिंगचं तोंड तापवतात आणि पाइप कोंबतात. असं तापवलेलं तोंड कुठे जाड, कुठे पातळ होतं आणि पुढे तिथेच चिरतं. शिवाय पीव्हीसी करपलं की त्यातून जो धूर निघतो तो ॲसिडचा असतो, नाकाला झोंबतो तो उगाच नाही. हा उद्योग करूच नका.

तुमच्याकडे उपाय सोपा आहे. अंगणातला तो दहा-बारा फुटांचा तुकडा आणि टी काढून टाका, घरचाच एक इंची पाइप टाका. पाइपाची किंमत तुमच्या दोन रविवारांपेक्षा खूप कमी आहे. पुढे कधी शेतीचा आणि घरचा पाइप जोडायचीच वेळ आली तर दोन्हीकडे आपापल्या मापाचे आट्यांचे (स्क्रूसारख्या पेचांचे) जोड लावून आट्यांनी जोडा, आणि ते दोन्ही आटे दुकानातच एकमेकांत फिरवून बघा.

गच्चीवरचा एल्बो. इथे दोन शक्यता आहेत आणि मला वाटतं दोन्ही खऱ्या आहेत. पहिली, पाइप एल्बोत पूर्ण गेलेला नाही. फिटिंगचा आतला भाग किंचित निमुळता असतो, तोंडाशी मोठा आणि तळाशी लहान. सोल्युशन लावून पाइप दाबला आणि लगेच हात सोडला की तो निमुळता आकार पाइपाला हळूच बाहेर ढकलतो. तीन-चार मिलिमीटर, कधी जास्त. डोळ्याला कळतही नाही. म्हणून मी माझ्या पोरांना पाइपावर पेन्सिलची खूण करायला लावतो: फिटिंगच्या आत किती जायला पाहिजे ते मोजायचं, तिथे गोल रेघ मारायची, आणि जोडल्यावर ती रेघ फिटिंगच्या कडेला टेकली पाहिजे. रेघ दिसतेय आणि कड लांब आहे, तर सांधा कच्चा.

दुसरी शक्यता ऊन. पीव्हीसी उन्हाने बरंच वाढतं. दर मीटरला दर अंशामागे साधारण ०.०७ मिलिमीटर धरा. आकडा क्षुल्लक वाटतो, पण तुमचा वीस फुटांचा म्हणजे सहा मीटरचा पाइप डिसेंबरच्या पहाटे १० अंशांवर असतो आणि मे महिन्याच्या दुपारी, गच्चीच्या तापलेल्या कोब्यावर पडलेला, ५५ अंशांपर्यंत सहज जातो. गुणाकार करून बघा, जवळजवळ १९ मिलिमीटर होतात. हे पावणेदोन-दोन सेंटीमीटर कुठेतरी जाणार. तुम्ही एल्बोच्या अगदी मानेशी क्लॅम्प आवळून ठेवला असेल तर ते सगळं एल्बोवर येतं, रोज सकाळी ढकल आणि रोज रात्री ओढ. चांगला सांधासुद्धा हे वर्षानुवर्षं सोसत नाही, अर्धवट बसलेला तर नाहीच.

नवा एल्बो लावताना पहिला क्लॅम्प एल्बोपासून दीड-दोन फुटांवर ठेवा, म्हणजे कोपऱ्याला हलायला जागा राहील. मधले क्लॅम्प पाइप धरतील पण आवळणार नाहीत इतकेच घट्ट करा. साधारण तीन फुटांवर एक पुरे. पाइप थेट कोब्यावर टेकवू नका. आणि त्याला पांढरा रंग द्या, पण पाण्यात मिसळायचा. ऑइलपेंट किंवा थिनरचा रंग नको, त्यातलं द्रावण पीव्हीसीला चावतं. रंगाने दोन कामं होतात: पाइप कमी तापतो आणि उन्हातल्या अतिनील किरणांपासून वाचतो. बिनरंगाचा पाइप काही वर्षांत खडूसारखा पिठूळ होतो, बोट फिरवलं तर पांढरं लागतं, आणि मग एखाद्या दिवशी वाळत घातलेल्या गोधडीचा हिसका बसला तरी तडकतो.

टाकीच्या बुडाचा सांधा आट्यांचा आहे. तिथे सोल्युशन थापण्यात काहीच अर्थ नव्हता, रागावू नका. हजार लिटरची टाकी म्हणजे भरल्यावर एक टन वजन. भरली की ती पोटाशी फुगते, रिकामी झाली की आत जाते. टाकीच्या निपलला (टाकीच्या भोकात बसवलेल्या आट्यांच्या तुकड्याला) तुम्ही ताठ पाइप जोडलात आणि तो पाइप हवेत लोंबकळत असेल, तर टाकीची ती रोजची हालचाल निपलच्या आट्यांवर येते. आधी टाकी सपाट बैठकीवर पूर्ण टेकलेली आहे का बघा. दोन विटांवर कडा टेकवलेली टाकी मी अजून पाहतो, आणि प्रत्येक वेळी हात जोडावेसे वाटतात. मग पाइपाला टाकीजवळच आधार द्या.

आट्यांवर फक्त टेफलॉन टेप. आमच्या आधीची पिढी जीआयच्या पाइपावर सुतळी आणि सफेदा लावायची, लोखंडाला ते चालायचं. प्लास्टिकच्या आट्यात सुतळी भिजून फुगली की फिटिंग उभं चिरतं. टेप आटे ज्या दिशेने फिरणार त्याच दिशेने, ताणून, पाच-सहा वेढे. उलट्या दिशेने गुंडाळली तर फिरवताना ती गोळा होऊन बाहेर येते. हाताने जाईल तेवढं फिरवा, मग पान्याने एखादा फेरा, बस. 'अजून थोडं घट्ट' या एका शब्दाने जितकी फिटिंग्ज फुटली आहेत तितकी पाण्याने फुटली नसतील. पितळी नळ प्लास्टिकच्या आट्यात बसवायचा असेल तिथे पितळी आट्यांचंच फिटिंग घ्या, थोडं महाग पडतं पण भिंत फोडावी लागत नाही. तुमच्या टाकीच्या निपलमध्ये बारीक उभी चीर आहे का ते बघा. असेल तर निपलच बदला, आणि रबरी वॉशर नवे घाला.

आता सांधा करायची पद्धत. हे मी जरा सावकाश सांगतो, कारण इथेच सगळं आहे.

पाइप काटकोनात कापा. तिरका कापला तर एका बाजूने तो फिटिंगच्या तळाला टेकत नाही आणि जोडाची रुंदी तिथे कमी पडते. डोळ्याने काटकोन जमत नसेल तर कागदाची पट्टी पाइपाभोवती गुंडाळा, कडा जुळवा, त्या कडेने रेघ मारा आणि रेघेवर करवत चालवा. कापल्यावर आत-बाहेर लोंबणारे केस कानशीने किंवा चाकूने काढा, बाहेरची कड किंचित उतरती करा. हे न केल्यास ती धारदार कड आत जाताना फिटिंगमधलं सोल्युशन खरवडून पुढे ढकलते, आणि जिथे पाहिजे तिथे ते उरत नाही. कोरड्या फडक्याने दोन्ही पुसा. धूळ, घामाचा हात, पावसाचा एक थेंब, सगळं वाईट.

मग कोरडीच जोडणी करून बघा. पाइप फिटिंगमध्ये एक तृतीयांश ते दोन तृतीयांश खोलीपर्यंत जाऊन अडकला पाहिजे. तळापर्यंत खुळखुळत गेला तर माप चुकलंय किंवा फिटिंग खराब आहे. तुमचा टी या एका चाचणीत पकडला गेला असता. याच वेळी एल्बोचं तोंड कुठे हवं तेही ठरवून पेन्सिलने पाइप आणि फिटिंग दोन्हीवर एक आडवी खूण करा, कारण सोल्युशन लावल्यावर विचार करायला वेळ नसतो.

सोल्युशनची डबी उघडून बघा. मधासारखं वाहिलं पाहिजे. जेलीसारखं थरथरत असेल, दोर सुटत असतील, तर फेकून द्या. थिनर घालून पातळ करू नका. ते पुन्हा सोल्युशन होत नाही. लहान डबी घ्या, काम झालं की झाकण लगेच लावा. आणि हे काम करताना खिडकी उघडी, बिडी-सिगारेट बंद, जवळपास देवाची समई पेटलेली नको. वाफ झटकन पेट घेते आणि बंद बाथरूममध्ये डोकं गरगरतं.

फिटिंगच्या आत पातळ थर, पाइपावर त्याहून भरघोस थर. उलटं करू नका. फिटिंगमध्ये जास्त ओतलं की पाइप आत जाताना जादा सोल्युशन पुढे ढकललं जातं, आत तळाशी डबकं साचतं आणि ते पाइपाची भिंत आतून मऊ करत राहतं. असा पाइप काही महिन्यांनी सांध्याच्या शेजारीच फुटतो आणि लोक म्हणतात पाइप हलका होता. थर ओला असतानाच पाइप घाला, आत जाताना पाव फेरा फिरवा म्हणजे सोल्युशन सगळीकडे पसरतं. तळाला टेकल्यावर मात्र फिरवू नका. आणि धरून ठेवा. मनात तीस अंक मोजा. पंधरावर कंटाळा येतो, तरी मोजा. सांध्याभोवती सोल्युशनची एक सलग बारीक गोठ दिसली पाहिजे. कुठे तुटलेली असेल तर तिथे आत कमी पडलंय. जादाचं फडक्याने पुसून टाका. पुढचा अर्धा तास त्या पाइपाला हात लावायचा नाही, लाइन थोडी 'सरळ' करायलासुद्धा नाही.

आणि पाणी सोडायचं ते २४ तासांनी. डबीवर कमी वेळ लिहिलेला असतो, तो चुकीचा नाही, पण तो ठरावीक तापमानाला आणि ठरावीक मापाला असतो. थंडीत द्रावण सावकाश उडतं. निफाडचा पारा काही हिवाळ्यांत ५ अंशांखाली उतरतो आणि नाशिक शहरही फार मागे नसतं, तेव्हा डिसेंबर-जानेवारीत मी दोन दिवस सोडतो. ही अक्कल मला पैसे मोजून आली आहे. धंद्यातलं तिसरं वर्ष, मखमलाबादला नवं घर, दुसऱ्या दिवशी वास्तुशांत. संध्याकाळी सातला शेवटचा एल्बो जोडला. मालक म्हणाले, भटजी पहाटे येणार, पाणी तर पाहिजे. नऊ वाजता मी व्हॉल्व्ह उघडला, एक थेंब नाही, छाती फुगवून घरी गेलो. पहाटे चारला वरच्या बाथरूममधला एल्बो पाइपातून सरळ सुटला. टाकी रिकामी होईपर्यंत पाणी जिन्यावरून वाहत होतं आणि खाली मांडून ठेवलेली शिध्याची पोती भिजली. ते काका मला एक शब्द बोलले नाहीत, त्याचंच जास्त लागलं. मजुरी मी मागितली नाही, तांदूळ मात्र भरून दिले.

आता तुमचे जुने सांधे कापायचे कसे. जुनं फिटिंग काढून पाइपाचं तोंड पुन्हा वापरता येत नाही, ते एकजीव झालेलं असतं. फिटिंगच्या दोन्ही बाजूंना चार-सहा इंच पाइप सोडून कापा, नवं फिटिंग आणि दोन नवे तुकडे, दोन कपलर (दोन पाइप सरळ रेषेत जोडणारी फिटिंग्ज). अडचण अशी की दोन्ही टोकं भिंतीत पक्की असतील तर शेवटचा कपलर घालायला पाइप मागे सरकत नाही. लोक मग पाइप वाकवून बळेच घालतात आणि नवा सांधा जन्मापासून ताणात राहतो. अशा ठिकाणी एक युनियन, म्हणजे मधून आट्यांनी उघडता येणारा जोड, टाका. पुढच्या दुरुस्तीलाही ती उघडते. युनियन हाताने घट्ट करा, तिच्यातली रबराची गोल रिंग पाणी अडवते, पान्याचा जोर नव्हे.

पाणी पूर्ण निथळत नसेल आणि थेंब-थेंब येतच असेल तर ओल्या पाइपावर सोल्युशन लावू नका. एक जुनी युक्ती आहे: पावाचा मऊ तुकडा, कडा काढलेला, पाइपात आत सारून द्यायचा. तो पंधरा-वीस मिनिटं पाणी धरतो, नंतर विरघळून निघून जातो. आपल्याकडे मिसळीमुळे घरात पाव असतोच. फक्त पहिलं पाणी अंगणातल्या नळाने किंवा जाळी काढलेल्या नळाने सोडा, नाहीतर जाळीत लगदा अडकतो.

चाचणी सांधे उघडे असताना करा, माती लोटायच्या किंवा प्लास्टर करायच्या आधी. लाइन सावकाश भरा, सगळ्यात वरचा नळ उघडा ठेवून हवा जाऊ द्या, मग बंद करा. प्रत्येक सांध्याला कोरडा टिश्यू कागद गुंडाळून रात्रभर ठेवा. डोळ्याला न दिसणारी ओलही कागदावर डाग सोडते. टायरवाल्याचा कॉम्प्रेसर आणून हवेने चाचणी करायचा मोह होईल, एकदा मी केली होती. शेवटचं बूच सुटून समोरच्या लोखंडी दाराला पोचा पाडून गेलं, दारापाशी माणूस असता तर? पाणी दाबलं जात नाही म्हणून ते फुटलं तर नुसतं सांडतं. दाबलेली हवा मात्र तुकडे भिरकावते. पीव्हीसीला हवा नाहीच.

जमिनीतल्या लाइनसाठी दीड-दोन फूट खोल चर, आणि गाडी जाते तिथे अजून खोल. तुमच्या अंगणात काळी माती असेल तर ती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते, पाइपाला मुरडत राहते. म्हणून तळाला आणि वर चार-चार बोटं वाळू किंवा चाळलेला बारीक मुरूम, एकही खडा पाइपाला टेकता कामा नये. दुपारी उन्हात तापलेला पाइप तसाच बुजवू नका. सकाळी, पाणी भरलेला, थंड असताना बुजवा. नाहीतर जमिनीत थंड झाल्यावर तो आखडतो आणि सांधे ओढतो.

विचारलं नाहीत, पण रो-हाउस आहे म्हणजे खाली हौद आणि छोटी मोटर असणार, म्हणून सांगतो. मोटरच्या शोषणाच्या बाजूला सांधा कच्चा असेल तर बाहेर एक थेंब दिसत नाही. तिथे पाणी बाहेर येत नाही, हवा आत जाते. लक्षणं अशी: मोटर रोज सकाळी पाणी सोडते, पुन्हा पाणी ओतून भरावी लागते, टाकीत पडणारं पाणी फेसाळ आणि गुळगुळ आवाजाचं. जेल रोडला एका घरी फूट व्हॉल्व्ह (शोषणाच्या पाइपाच्या तळाची झडप) दोनदा बदलून झाला होता. मी मोटर चालू ठेवून शोषणाच्या एकेका सांध्यावर तांब्याने पाणी ओतत गेलो. एका युनियनवर ओतल्याबरोबर मोटरचा आवाज बदलला. युनियनमधली रिंग एवढी वाळली होती की हातात आल्यावर तुटली. मोटरच्या थेट तोंडाशी ताठ पीव्हीसी न जोडता मध्ये हातभर लवचिक होज ठेवलीत तर थरथर सांध्यांपर्यंत जात नाही.

पुढे पाणी तापवायचा सोलर बसवणार असाल तर त्याच्या गरम बाजूला हा पांढरा पाइप चुकूनही वापरू नका. साध्या पीव्हीसीला ४५ अंशांच्या वर दाबाचं काम देऊ नये. गरम पाण्याला फिकट पिवळसर सीपीव्हीसी, त्याचं सोल्युशनही वेगळं, आणि मापही: पाऊण इंची सीपीव्हीसी बाहेरून २२.२ मिलिमीटर, तर पाऊण इंची पांढरा २६.७. दोघं एकमेकांत बसत नाहीत ते बरंच आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत घर बंद असलं की सोलरमधलं पाणी उकळीपर्यंत जाऊ शकतं आणि सीपीव्हीसीची मर्यादा ८२ अंशांची, म्हणून टाकीतून निघणारे पहिले काही फूट मी जीआयचेच ठेवतो.

सांडपाण्याच्या रबरी रिंगच्या पाइपांना तेल-ग्रीस न लावता साबणाचं पाणी लावा, आणि पाइप तळापर्यंत घालून खूण करून मग साधारण १० मिलिमीटर मागे ओढा. ती जागा वाढीसाठी असते. देखभालीचं बाकी फार काही नसतं. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि दिवाळीच्या साफसफाईत, सगळे व्हॉल्व्ह बंद-चालू करा म्हणजे ते जाम होत नाहीत. क्लॅम्प हलवून बघा, रंग उडालेला असेल तिथे हात मारा. रात्री सगळे नळ बंद करून टाकीतल्या पाण्याची पातळी काडीने मोजून ठेवा आणि पहाटे पुन्हा मोजा. कमी झाली आणि कुणी उठलं नव्हतं, तर कुठेतरी वाट आहे. आधी फ्लशच्या टाकीत थोडी हळद टाकून बघा, निम्म्या वेळा चोर तिथेच सापडतो.

तुमच्या कामाचा क्रम असा ठेवा. शनिवारी सकाळी टाकी रिकामी करून निपल, वॉशर आणि आधार. लगेच गच्चीचा एल्बो. ऊन चढायच्या आत दोन्ही आटोपा, कारण तापलेल्या पाइपावर सोल्युशन हातातच सुकतं. दुपारनंतर अंगणातला पाइप बदला. घरात पाणी लागेल ते शुक्रवारी रात्रीच पिंपात भरून ठेवा. रविवारी संध्याकाळी लाइन भरा, कागद गुंडाळा, सोमवारी सकाळी बघा. चर बुजवायच्या आधी शेजारी टेप ठेवून एक फोटो काढा, भिंतीपासून किती फुटांवर आणि किती खोल ते दिसेल असा. चार वर्षांनी तिथे कुणीतरी जास्वंद लावायला कुदळ मारणार आहे.